घटाला सोडलेली गोळी

१० ऑगस्ट
कसबा पेठ, पुणे

स्वराली,

आशीर्वाद. ते भांडणातही चालू असतात, त्यामुळे त्यावर वेगळं काही लिहीत नाही.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू मधेच बोलतेस, मीही मधेच बोलतो, मग आई फोन काढून घेते. कागदावर मला एकट्याला बोलता येतं. शिवाय जुलैत डब्लिनला परत गेल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, हेही एक किरकोळ कारण आहे. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पोचायला दोनेक आठवडे धरून चाला. म्हटलं चालेल, आमच्या मुलीचा राग त्याहून टिकाऊ आहे.

आता बातमी. मी एकदम फर्स्टक्लास आहे! रक्त नाही, कळ नाही, पोटाचं नाव नाही. पहाटे मार्केट यार्डात फुलांच्या लिलावाला गाळ्यावर उभा राहतो तो माल संपेपर्यंत हलत नाही. घरी येऊन माळा साफ केला. गॅलरीला हिरवा रंग दिला (आईला आवडलेला नाही). स्वयंपाकघरातली फळी उखडून नव्यानं ठोकली आणि कालपासून पेटीचा क्लास लावला. झोप अशी लागतच नाही हल्ली, गरजच वाटत नाही. आई म्हणते, "घरात लग्न असल्यासारखे काय वागताय?" मी म्हटलं, "शर्मिला, नातवंड येणार आहे. लग्न काय, कोणाचंही होतं."

गोळीबद्दल विचारशील म्हणून सांगतो. कमी केली आहे. जवळजवळ नाहीच.

दत्तप्रसादबद्दल मात्र मला लिहिलंच पाहिजे. तो माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं औषधाचं दुकान आपल्या जिन्याखाली आहे. तू त्याच्याच खांद्यावर बसून गणपती बघितलेस. आणि त्याच्याच काउंटरवर जाऊन चार गिऱ्हाइकांदेखत तू म्हणालीस, "दत्ताकाका, चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर तुम्ही बाबांना अजून स्टिरॉइड देताय? ही औषधाची गोळी आहे, शेंगदाणे नाहीत." तो त्या दिवशी जेवला नाही. अगं, मी मागतो म्हणून तो देतो. आतड्याला व्रण आहेत हे चार वर्षांपूर्वी कळलं, त्या डॉक्टरांनी ही गोळी दिली आणि आठवड्यात रक्त थांबलं. मग पुन्हा कशाला जायचं त्यांच्याकडे? ते दुर्बीण घालतात आणि वर त्याची फी घेतात.

तुला आतड्याच्या पेशंटांचं नर्सिंग येतं, पण फुलबाजार येत नाही. शेतकऱ्यानं पहाटे आणलेला झेंडू दुपारी कचरा असतो. लिलाव रंगात आलेला असताना आडत्या "जरा आलोच" म्हणून संडासाकडे पळाला तर त्याचा माल विकणार कोण? गणपती, नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई. सीझनच्या तोंडावर पोटानं डोकं वर काढलं की मी गोळी चालू करतो. एवढाच माझा गुन्हा आहे.

तिथेच जिन्याखाली तू मला म्हणालीस, "बाबा, ही गोळी आजार बरा करत नाही, झाकते. आमच्याकडे पेशंटला वर्षात दुसऱ्यांदा ती लागली तर आम्ही विचारतो, आमचं कुठे चुकलं." असेल बुवा. तुमच्याकडे पेशंट कमी आणि वेळ जास्त असेल.

आणि जाताना दारात बॅग उचलत काय म्हणालीस? "आईचं तिकीट मी काढते. तुमचं, गोळी सुटल्यावर. मी बाळंतीण असताना परक्या देशात तुम्ही आडवे पडलात तर मी कोणाकडे बघू, बाळाकडे की तुमच्याकडे?" मी म्हटलं, "काढूच नकोस." तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे.

बाळ यायचा फेब्रुवारी अजून लांब आहे. मला यायचंय, स्वराली. हे मला तोंडानं म्हणता आलं नाही, म्हणून लिहिलं.

बाबा


७ सप्टेंबर

स्वराली,

काल विसर्जन झालं. गणपतीत यंदा जो बाजार झाला तसा मी बघितलेला नाही! शेवंती, गुलछडी, झेंडू, माल गाळ्यावर उतरतोय न उतरतोय तोवर उचलला जात होता. माझा आवाज पार पलीकडच्या भाजीबाजारात ऐकू जात होता म्हणे. मी थकलोच नाही. पोरं दमून पोत्यांवर आडवी झाली आणि मी म्हातारा उभा.

सगळे एकच म्हणतात, तब्येत सुधारली. पुरंदरहून झेंडू घेऊन येणाऱ्या बायडाबाई तुला आठवत असतील, तुझ्या लग्नात त्यांनी टोपलीभर अंजिरं आणली होती. त्या मला बघून म्हणाल्या, "आप्पा, कसं गाल वर आल्यात! घरचं सुख हाय म्हणायचं." माझे सदरे गळ्याशी बसेनात म्हणून नवे शिवायला टाकले. पाहुणेमंडळी आईचं कौतुक करतात, की नवऱ्याला चांगलं खाऊ घातलंस. आई त्यावर हसत नाही. तिला हल्ली कशाचंच कौतुक नाही.

बारीकसारीक सांगायचं तर क्रेट उचलताना कंबर लचकली आहे. वाकलं की दुखते. दत्तप्रसादनं मलम दिलंय. आणि तहान फार लागते, पण बाजारात ओरडून घसा कोरडा होणारच.

गेल्या पत्रात "जवळजवळ नाहीच" असं लिहिलं होतं. गणपतीच्या आधी थोडी वाढवावी लागली. थोडी म्हणजे दुप्पट. आता खरं लिहिलं. तू काही माझ्याशी बोलत नाहीस, मग ओरडणार तरी कशी?

आई म्हणाली, तुझ्या उलट्या थांबल्या. ऐकून फार आनंद झाला. पियुषला, आमच्या जावयाला, म्हणावं, तिला जिने चढायला लावू नकोस.

बाबा


२३ सप्टेंबर

स्वराली, स्वराली!

सोडली!

काल घटस्थापना झाली. आईनं घट बसवला, धान्य पेरलं, पहिली माळ चढवली. समोर हात जोडून उभा असताना मनात आलं, लोक या दिवसात काय काय सोडतात. कोणी चपला सोडतं, कोणी गादी सोडून जमिनीवर झोपतं, कोणी पायरीही उतरत नाही. मग मी गोळी का सोडू नये? तिथेच संकल्प केला. डबीतल्या सगळ्या गोळ्या नेऊन मोरीत ओतल्या आणि वर बादलीभर पाणी. एक घाव दोन तुकडे!

आईला सांगितलेलं नाही, दत्तप्रसादलाही नाही. तुलाही फोन करणार नाही. संकल्प बोलून दाखवला की त्यातला जोर जातो. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल आणि तुझा बाप गोळीमुक्त असेल. मग बघतो, तिकीट कसं काढत नाहीस ते.

मी काय काय आणणार ते ठरवून ठेवलंय. आईचे अळीवाचे लाडू. बाळाच्या डोक्याला तेल. पेटी आणता येत नाही, पण मला एक अंगाई बसवता आली आहे, काळी चारमध्ये. पेटीच्या बाई म्हणाल्या, सूर जरा उतरा. मी म्हटलं, बाई, बाजारातला गळा आहे, उतरत नाही.

माझी छाती इतकी भरून आली आहे ना, की समोर असतीस तर भांडणच विसरलो असतो. उपास आहे, पोट हलकं वाटतंय. आज जरा गळल्यासारखं झालंय, ते उपासाचं.

तुझा (गोळी न घेतलेला) बाबा


१२ ऑक्टोबर
रुग्णालय, तिसरा मजला

स्वराली,

आईनं तुला सगळं सांगितलंच आहे. माझं घटाचं पत्र हातात पडल्यावर तू कामावरून धावत बाहेर येऊन फोन केलास, रडलीस, आईशी बोललीस आणि माझ्याशी न बोलता ठेवून दिलास, हेही तिनं मला सांगितलं. पण माझ्या बाजूनं काय झालं ते मी लिहितो.

गोळी सोडल्यावर अंगातलं बळच गेलं. उलट्या झाल्या. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी आपला समजत होतो, उपास आहे, विष बाहेर पडतंय. रक्तही परत सुरू झालं. तरी अष्टमीला बाजारात गेलो, कारण दसऱ्याचा झेंडू वर्षातून एकदाच येतो. बायडाबाईंचा माल लिलावाला लावला, भाव पुकारला आणि पुढचा आकडा तोंडातून येईना. एवढा मोठा माझा आवाज, आणि ओठ नुसते हलत होते. मग मी त्या झेंडूवरच पडलो. बायडाबाई तोंडावर पाणी मारत ओरडत होत्या, "आप्पा, डोळं उघडा! माल जाऊ द्या खड्ड्यात, तुमी उठा!" त्यापुढचं मला आठवत नाही.

इथल्या डॉक्टर पूर्णिमा म्हणून आहेत, आतड्याच्याच आजारांच्या. वयानं तुझ्याएवढ्या असतील. त्यांनी विचारलं, "काका, गोळी कधीपासून घेता?" मी म्हटलं, "चार वर्षं, अधूनमधून." आई खुर्चीतून म्हणाली, "अधूनमधून बंद असते."

"आणि थांबवलीत कशी?"

"घटाला सोडली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, चपला सोडल्या तर पाय चालायचे थांबत नाहीत. ही गोळी बाहेरून इतकी वर्षं मिळाली की शरीर स्वतःचं ते रसायन बनवायचं बंद करतं. एकदम सोडलीत, तर अंगात काहीच उरत नाही. ब्लडप्रेशर खाली गेलं ते त्यामुळे. ती उतरायची असते पायरीपायरीनं, तीही दुसरं औषध चालू करून. आपण गच्चीवरून उडी मारलीत."

आणि मला वाचवायला शिरेतून काय दिलं असेल? स्टिरॉइडच! मी मोरीत ओतलं तेच!

बाकीचं ऐक. कंबर लचकलेली नव्हती, पाठीचा एक मणका चेपलाय. गोळीनं हाडं ठिसूळ केली. तहान बाजाराची नव्हती, साखर वाढली होती. गाल वर आले ते घरच्या सुखानं नाही, गोळीनं. आणि स्वराली, सगळ्यात कहर म्हणजे तो ऑगस्टमधला उत्साह, न लागणारी झोप, माळा, फळी, पेटी, हिरवी गॅलरी, तेही बरंचसं गोळीचंच. माझा आनंदसुद्धा माझा नव्हता! हे ऐकून मी जेवढा चिडलो तेवढा मणक्यावरही चिडलो नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "गोळी पुन्हा पुन्हा लागते, याचाच अर्थ आजार ताब्यात नाही. पहिल्याच वर्षी मूळ आजारावर दुसरं औषध चालू करायला हवं होतं." मी मान खाली घालून बसलो. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, फुकटात, माझ्याच जिन्याखाली.

आता नव्या औषधाआधी करावी लागते म्हणून क्षयाची तपासणी झाली, छातीचा फोटो झाला, दोन्ही ठीक आहेत. नवं औषध शिरेतून सुरू केलंय, ठरावीक आठवड्यांनी येऊन घ्यायचं. हाडांचं वेगळं. आणि इथे एक नर्स आहे, तिनं मला एक नंबर दिला. म्हणाली, "काका, पोट बिघडलं तर स्वतःच्या मनानं गोळी वाढवायची नाही आणि थांबवायचीही नाही. आधी मला फोन करायचा. कितीही क्षुल्लक वाटलं तरी." मी विचारलं, "दिवसभर असे फोन घेता?" ती म्हणाली, "हेच तर काम आहे."

तू तिकडे पेशंटांचे फोन घेतेस म्हणजे इतकी वर्षं काय करतेस, हे मला आज कळलं. लोकांना मी सांगायचो, मुलगी परदेशात मोठ्या हॉस्पिटलात आहे. आज त्या नर्सला म्हणालो, "माझी मुलगी पण तुमच्यासारखीच, लोकांचे फोन घेते." आईनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

दत्तप्रसाद रोज येतो. मोसंबी सोलत बसतो.

बाबा


१८ जानेवारी
कसबा पेठ

स्वराली,

परवा दुर्बीण झाली. बसलीस का? आतडं गुलाबी आहे! डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. चार वर्षांपूर्वी तिथे चिखल झालेला रस्ता दिसत होता, आता व्रण भरलेत, सूज नाही. मी टेबलावरूनच म्हटलं, "वाहवा!" भूल अर्धवट उतरली होती, त्यामुळे ते बाजारातल्या आवाजात म्हटलं गेलं. बाहेर आई घाबरून उभी राहिली.

आणि हा उत्साह अस्सल आहे. मी डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली. रात्री छान झोपतो. पेटी सोडलेली नाही, म्हणजे तेवढी तरी हौस माझीच होती. गेल्या आठवड्यात बसनं येरवड्याला मावसभावाकडे जाऊन आलो. उतरल्यावर लक्षात आलं, वाटेत कुठे कुठे सार्वजनिक संडास आहेत ते मी बघितलंच नाही. गेली चार वर्षं मी पुणं तसंच बघत होतो, हा चौक चालेल, तो रस्ता नको. या वेळी मी खिडकीतून नदी बघितली. बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं आणि शेजारच्या माणसानं मला बसायला आणखी जागा दिली.

बाजारात मात्र उलटंच चाललंय. गाल उतरले तसे लोक हळहळतात. बायडाबाई म्हणाल्या, "आप्पा, लईच वाळला की! चांगल्या डाक्टरला दावा." मी आजारी होतो तेव्हा कौतुक, बरा झालो तर सुतक. दत्तप्रसादचं तर विचारूच नकोस. काल सर्दी झाली म्हणून गोळी मागायला गेलो, तर म्हणतो, "चिठ्ठी?" मी म्हटलं, "अरे, मी उत्तरेश्वर." तो म्हणाला, "म्हणूनच." दुकानात गर्दी होती. त्यानं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "स्वराली बरोबर बोलली होती." तुला कळवावं म्हणून लिहिलं.

आता खरं काम. गोळी पायरीपायरीनं उतरवत आलो. शेवटच्या पायरीवर सकाळी रक्त तपासलं. शरीरातली ते रसायन बनवणारी ग्रंथी अजून पुरती जागी झालेली नाही. डॉक्टर म्हणाल्या, "काही महिने अगदी छोटा डोस चालू ठेवावा लागेल. आतड्यासाठी नाही, तुमच्या अंगात जे कमी बनतंय तेवढंच भरून काढायला. यात तुमचा दोष नाही." प्रवासाला त्यांची हरकत नाही. खिशात ठेवायला गोळीची नोंद असलेलं कार्ड दिलंय, ताप आला तर काय करायचं ते आईला शिकवलंय, पुढचं इंजेक्शन परत आल्यावर आहे.

म्हणजे तुझी अट पुरी झालेली नाही, स्वराली. गोळी सुटलेली नाही.

मी खोटं लिहू शकलो असतो. डोस इतका छोटा आहे की आईच्या कुंकवाच्या डबीत मावेल. कालच्या पत्रात तसं लिहिलंही होतं, मोठ्या अक्षरात, "सुटली!" म्हणून. दुपारी ते फाडलं. तू आयुष्यभर पेशंटांना म्हणतेस, मला खरं सांगा, मग मी बघते. मी तुझाच बाप, मलाच तेवढी सूट कशाला?

तर गोळी आहे. मणका दुखतो. औषध जन्मभर लागेल असं म्हणतात. आणि मला तुला बघायचंय. बाळ नंतर, आधी तुला. येऊ का?

नाही म्हणालीस तरी राग नाही. आईबरोबर लाडू येतीलच.

बाबा


२ फेब्रुवारी

स्वराली,

आत्ता फोन ठेवला. आई शेजारच्यांना सांगायला धावली आहे. घरात मी एकटा आहे आणि मला हे आता लिहून टाकायचंय, नाहीतर मला स्वतःलाच उद्या खरं वाटणार नाही.

सात महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. तू "हॅलो" म्हणाली नाहीस. "कसे आहात" नाही, "बाबा" सुद्धा नाही. एकदम नर्सच्या आवाजात विचारलंस, "सकाळपासून किती वेळा?"

"दोनदा."

"रक्त?"

"नाही."

"मणका?"

"बसलो की दुखतो. चालताना नाही. जिना उतरताना थोडा."

"गोळी?"

"चालू आहे. घेतली सकाळी, दुधाबरोबर."

मला वाटलं लाइन गेली. मी मोठ्यानं "स्वराली, स्वराली" करत होतो, बाजारातल्यासारखा. मग ऐकू आलं की तू रडतेयस, आणि मागून पियुष विचारतोय, काय झालं, काय झालं.

"बाबा," तू म्हणालीस, "चार वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला पोटाबद्दल खरं सांगितलंत."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय," तू म्हणालीस. "या."